बीफ पारेस करताना या चुका टाळा

फिलिपिन्सच्या मनिलात गाडीवर पारेस मागितलं की तीन गोष्टी येतात: गोडसर सोया सॉसमध्ये मऊ शिजलेलं बीफ, सिनांगाग म्हणजे लसणावर परतलेला भात, आणि वाटीभर गरम सूप. घरी बिघडतं ते बहुतेक वेळा घाईमुळे.

सुरुवात खाटकाकडेच चुकते. मऊ हवं म्हणून लोक अंडरकट आणतात. दोन तासांत त्याचा भुसा होतो, कारण विरघळायला त्यात काही नसतंच. ब्रिस्केट (छातीचं मांस) किंवा पायाच्या नळीवरचं मांस घ्या, शिरा-पडद्यांसकट. खाटीक साफ करायला लागला तर हात धरा. शिरांतलं कोलॅजन, म्हणजे चिवट प्रथिन, विरघळतं तेव्हाच तो ओठांना चिकटणारा रस्सा मिळतो. महाराष्ट्रात 2015पासून बैलाचं मांसही बंद आहे, त्यामुळे तिथे म्हशीचं घ्यावं लागतं. त्याला बऱ्याचदा अर्धा-पाऊण तास जास्त धरा.

आता वेळ. नेहमीचा प्रसंग असा: पाहुणे आठला यायचे, मांस साडेसहाला चढवलेलं. साडेसातला सुरी घातली तर चामडं! मग ‘जास्त शिजलं वाटतं’ म्हणून कुणी गॅस बंद करतं, कुणी आच भडकवतं. पहिल्यात मांस तसंच कडक राहतं, दुसऱ्यात बाहेरून तुटतं आणि आतून कोरडं पडतं. त्या टप्प्यावर धागे आकसून पाणी सोडून बसलेले असतात आणि कोलॅजन अजून विरघळायचं असतं. झाकण ठेवून मंद आचेवर आणखी तासभर जाऊ द्या. खरं तर आदल्या दिवशीच शिजवा. वर गोठलेली चरबी काढणंही सोपं जातं.

माप असं: 1 किलो मांसाचे 4 सेंटिमीटरचे तुकडे, 10 मिनिटं उकळून ते पाणी फेकायचं, तुकडे धुवायचे. मग 2 लिटर पाणी, एक कांदा, बोटभर आलं, 8-10 मिरी, 2 चक्रीफुलं. अडीच तास, अधूनमधून एखादा बुडबुडा येईल एवढ्याच आचेवर. चक्रीफुलं मूठभर टाकली तर खोकल्याचं औषध होतं.

कुकर चालेल, पण ‘सहा शिट्ट्या’ हे माप नाही. प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी. पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर 40 मिनिटं, आणि वाफ आपली आपण जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली की आतलं पाणी खवळतं आणि सूप गढूळ होतं.

दुसरी आवडती चूक म्हणजे सोया सॉस पहिल्यापासून ओतणं. अडीच तासांत रस्सा आटतो, मीठ तेवढंच राहतं आणि सगळं खारट लागतं. शिवाय सूप काळं पडतं ते वेगळंच. मांस मऊ झाल्यावर अर्धा लिटर रस्सा बाजूला घ्या. कढईत आलं, लसूण, कांदा परतून मांस, हा रस्सा, 80 मिलिलिटर सोया आणि 60 ग्रॅम ब्राउन शुगर घाला, आणि अर्धा तास उघडं शिजवा. फिलिपिनो सोया नसेल तर लाइट सोया वापरा. डार्क सोयाने रंग येतो, चव नाही. उरलेला रस्सा गाळून, फिश सॉस आणि कांद्याची पात घातली की सूप तयार.

कढईतला रस्सा दाट करायला कॉर्नफ्लोअर घालाल ते गार पाण्यात कालवून, नाहीतर गुठळ्या. दीड चमचा पुरे.

आपलं तमालपत्र दालचिनीच्या वासाचं असतं, फिलिपिनो पाककृतीतलं लॉरेलचं पान (बे लीफ) ते नव्हे. एकच टाका किंवा टाकूच नका.

भात आदल्या दिवशीचा, फ्रिजमधला, हाताने मोकळा केलेला हवा. ताज्या भाताचा लगदा होतो. चार वाट्या भाताला 8 पाकळ्या लसूण, गार तेलात घालून मंद आचेवर. फिकट सोनेरी झाला की अर्धा उपसून ठेवा, कारण गॅस बंद केल्यावरही तो तळत राहतो, आणि करपलेल्या लसणाचा कडूपणा भाताच्या शितानशिताला लागतो.

कालामान्सी (छोटं फिलिपिनो लिंबू) नसेल तर आपलं लिंबू, पण ताटातच पिळा. कढईत नको.