एल्फांची वाटचाल आणि राजघराणी कागदावर कशी उतरवावी

वंशावळ आधी काढू नका. टोल्किन यांचं ‘द सिल्मारिलियन’, म्हणजे एल्फ नावाच्या अमर लोकांच्या पुराणकथांचं पुस्तक, हाती घेतलेली बहुतेक मंडळी पुस्तकाच्या शेवटी दिलेले घराण्यांचे तक्ते उघडतात आणि तिथंच अडकतात. माझी भाची आणि तिच्या मैत्रिणी अशाच अडकल्या होत्या. “मामाजी, फिन्वे, फिंगोल्फिन, फिनार्फिन, फिंगोन, फिनरोड, हे सगळे कोण हो?” माझी सगळी नोकरी नागपुरात जमिनीचे नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे मला उत्तर तोंडी देता येईना. कागद पसरूनच दिलं. एल्फांचं घराणं रक्तानं ठरलं ते पुढं. त्याआधी ते वाटेनं ठरलं: कोण निघालं, कोण निघालंच नाही, कोण कुठं थांबलं. म्हणून आधी वाट आखायची आणि तिच्यावर वंश चढवायचा.

बर्डीवर स्टेशनरीच्या कुठल्याही मोठ्या दुकानात मिळेल तो जाड कार्ट्रिज पेपर घ्या, त्याच मापाचा ट्रेसिंग पेपर घ्या, एक टू-एच पेन्सिल आणि चार रंगांच्या शाया. वाट खालच्या कागदावर, वंशावळ वरच्या ट्रेसिंगवर. उन्हाळ्यात काम करणार असाल तर ट्रेसिंग पेपर कूलरसमोर उघडा ठेवू नका. तो ओल धरतो, सुरकुततो, आणि मग वरची रेघ खालच्या रेघेवर बसत नाही.

आता पहिला ठिपका. तो कागदाच्या उजव्या कडेला द्या, कारण एल्फ पूर्वेकडून पश्चिमेला चालले. हा ठिपका म्हणजे क्विव्हिएनेन, पूर्वेकडच्या समुद्राच्या आखातातलं ते पाणी, जिथं सूर्य-चंद्र अजून नसताना फक्त ताऱ्यांच्या उजेडात एल्फ जागे झाले. ओरोमे या शिकारी देवाला ते तिथं सापडले. पुढं देवांनी पश्चिमेला येण्याचं बोलावणं धाडलं, तेव्हा इंग्वे, फिन्वे आणि एल्वे हे तिघं आधी जाऊन ती भूमी डोळ्यांनी पाहून आले. तिन्ही राजघराण्यांची मुळं या तिघांत आहेत. उजव्या हातानं काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: रेघ उजवीकडून डावीकडे ओढताना तळहात ओल्या शाईवर येतो. हाताखाली कोरा कागद धरा आणि तो रेघेबरोबर सरकवत न्या.

रेघेची जाडी किती? इथं मला या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट सापडली. टोल्किन यांच्या कागदांत एल्फांच्या जागं होण्याची एक जुनी कहाणी आहे. तिच्यात पहिले एल्फ १४४ मोजलेत: पहिल्या कुळाचे १४, दुसऱ्याचे ५६, तिसऱ्याचे ७४. दुसऱ्या कुळातले २८ आणि तिसऱ्यातलेही २८ निघायला तयार झाले नाहीत. संख्या वाढली तरी हेच प्रमाण टिकलं असं धरलेलं आहे. मग चार एल्फांना एक मिलिमीटर हे माप घ्या. इंग्वेच्या वान्यारांचा पट्टा साडेतीन मिलिमीटर, फिन्वेच्या नोल्दोरांचा सात, एल्वेच्या तेलेरींचा साडेअकरा. आणि जे मागंच राहिले, त्या आवारींचा चौदा! आवारी म्हणजे नकार देणारे. पुस्तकात त्यांच्या वाट्याला मोजक्या ओळी आल्या, म्हणून त्यांना ठिपक्याठिपक्यांत उरकू नका. सगळ्यात रुंद पट्टा त्यांचाच आहे. तो पहिल्या ठिपक्याभोवती पूर्ण शाईनं भरून घ्या.

वान्यार आणि नोल्दोर यांच्या रेघा सरळ डावीकडे किनाऱ्यापर्यंत जातात. तिथून उल्मो या सागरदेवानं त्यांना एका बेटावर चढवून, ते बेटच ओढत पलीकडं नेलं. यापेक्षा जास्त शाई तिथं लागत नाही.

वेळ द्यायचा तो तेलेरींना. ते संख्येनं जास्त, चालीनं सावकाश, आणि त्यांना एल्वे आणि ओल्वे असे दोन भाऊ नायक. त्यांची रेघ तीनदा फुटते. पहिल्यांदा अंदुइन नदीपाशी: पुढचे डोंगर पाहून काही जण लेन्वेच्या मागं नदीच्या खालच्या अंगाला वळले. ते नान्दोर. दुसऱ्यांदा डोंगरांपलीकडच्या, किनाऱ्यालगतच्या बेलेरियांड प्रदेशात. नान एल्मोथच्या रानात एल्वेला मेलियान ही देवकुळातली स्त्री भेटली, आणि तिचा हात हाती घेऊन तो वर्षानुवर्षं तिथंच उभा राहिला. त्याची माणसं त्याला शोधत राहिली. ओल्वे उरलेल्यांना घेऊन किनाऱ्याला गेला, आणि उल्मो बेट घेऊन परत आला तेव्हा निघून गेला. तिसरी फूट अगदी पाण्याच्या काठावर: किर्दान आणि त्याचे खलाशी किनारा सोडायला तयार झाले नाहीत. किर्दानच्या शेजारी मोकळी जागा ठेवा. तिसऱ्या युगाच्या, म्हणजे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या, अखेरीस बंदरावर जहाजं बांधून देणारा तोच आहे.

शोधत थांबलेल्यांना पुढं एल्वे सापडला. तोच डोरियाथचा राजा थिंगोल, आणि त्याची प्रजा म्हणजे सिन्दार. पश्चिमेचा उजेड डोळ्यांनी पाहून आलेला त्यांच्यात तो एकटाच होता. तीन दूतांपैकी दोघांनी आपापलं राज्य पोहोचून मिळवलं, यानं थांबून मिळवलं. मला हा राजा फार जवळचा वाटतो.

खालचा कागद वाळू द्या. आता ट्रेसिंग. फिन्वेच्या खाली थेट मुलं लिहू नका. आधी दोन्ही राण्या लिहा. मीरियेलचा एकच मुलगा, फेआनोर. त्याला जन्म देऊन ती खचली आणि गेली. मग वान्यारांतली इंदिस आली. तिचे फिंगोल्फिन आणि फिनार्फिन. आपल्याकडं नागपूरचे राजे पहिले रघूजी भोसले १७५५ साली वारले, तेव्हा वयानं थोरले जानोजी आणि थोरल्या राणीचे मुधोजी यांच्यात गादीवरून तंटा झाला. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या माणसांना तो अजून तोंडपाठ असतो. आईचं नाव गाळलेल्या वंशावळीत असा तंटा दिसतच नाही. फेआनोरच्या मनातली सावत्र भावांबद्दलची अढी दिसायची असेल, तर मीरियेलला जागा द्यावीच लागेल.

फेआनोरच्या खाली सात मुलं. माएध्रोस, माग्लोर, केलेगोर्म, कारांथिर, कुरुफिन, आम्रोद, आम्रास. (मूळ लिपीत सी दिसला की उच्चार नेहमी क.) फिंगोल्फिनच्या खाली फिंगोन, तुर्गोन, आरेधेल. फिनार्फिनच्या शेजारी त्याची बायको एआर्वेन, आणि ही ओल्वेची मुलगी. फिनरोड आणि गालाद्रियेल तिचीच मुलं. इथं ट्रेसिंग खालच्या कागदावर नीट बसवून पाहा: नोल्दोरांची रेघ तेलेरींच्या रेघेला जाऊन मिळते. पुढं मॉर्गॉथ या शत्रूनं फिन्वेला मारून फेआनोरची रत्नं पळवली, आणि नोल्दोर त्याच्या मागं पूर्वेला परत निघाले. तेव्हा तेलेरींच्या बंदरात, आल्क्वालोंदेच्या धक्क्यावर, जहाजांसाठी नोल्दोरांनी तेलेरींना कापलं, म्हणजे या मुलांच्या आजोळावर तलवार चालली. फिनार्फिन पुढं वाटेतूनच माघारी वळला तो का, हे मला ही रेघ ओढतानाच उमगलं.

परतीची वाट लाल शाईनं, डावीकडून उजवीकडे. फेआनोर जहाजांनी आला आणि लोसगारला ती जाळून टाकली. फिंगोल्फिन मागं राहिलेल्यांना घेऊन हेल्काराक्सेचा बर्फ तुडवत आला. तुर्गोनची बायको एलेन्वे तिथंच गेली. या दोन लाल रेघा वेगवेगळ्या ठेवा.

मुकुटाला सोनेरी ठिपका पुरे. फिन्वेनंतर फेआनोर. तो पडल्यावर माएध्रोस शत्रूच्या हाती सापडला, फिंगोननं त्याला कड्यावरून सोडवून आणलं, आणि माएध्रोसनं राजपद आपणहून काकाकडं दिलं. म्हणून ठिपके फिंगोल्फिन, फिंगोन, तुर्गोन असे धाकट्या पातीत सरकतात. तुर्गोनची मुलगी इद्रिल, तिचा एआरेंदिल. तिकडून थिंगोल आणि मेलियान यांची मुलगी लूथियेन, तिची नात एल्विंग. एआरेंदिल आणि एल्विंग यांचा मुलगा एलरॉन्ड, म्हणजे इंग्वे, फिन्वे आणि एल्वे या तिघांच्याही लोकांचं रक्त एका चौकटीत आलं. या चौकटीला मोठी जागा ठेवा.

तुर्गोननंतरचा राजा गिल-गलाद मात्र पेन्सिलनं लिहा. १९७७ साली छापलेल्या पुस्तकात तो फिंगोनचा मुलगा आहे, पण संपादक ख्रिस्तोफर टोल्किन यांनीच पुढं ते आपल्या हातून चुकल्याचं लिहिलं. वडिलांच्या उशिराच्या टिपणांत तो फिनार्फिनच्या घराण्यातल्या ओरोड्रेथचा मुलगा आहे. दोन्ही ठिकाणांहून हलक्या रेघा आणा आणि सोनेरी ठिपका तेवढा पक्का द्या, कारण समुद्राच्या अलीकडं आलेल्या नोल्दोरांचा शेवटचा राजा तोच, हे दोन्हीकडं सारखंच आहे.