शेळ्या, भात, आंबा: बायकांनी शरियतप्रमाणे हिशोब कसा ठेवायचा

सगळ्यात आधी एक वही घ्या आणि धंद्याचा पैसा घरखर्चातून वेगळा काढा. मेहरच्या (निकाहात नवऱ्याने बायकोला दिलेल्या) पैशातून शेळ्या घेतल्या असतील तर त्या तुमच्याच, नवऱ्याच्या नाहीत, आणि जकातही (मालमत्तेतून गरिबांसाठी दरवर्षी काढायचा धर्माचा हिस्सा) तुमच्यावरच येते, म्हणून कोणाचे किती पैसे लागलेत ते पहिल्या पानावर लिहाच. उधारी तोंडी नको, सख्ख्या बहिणीची असली तरी, कुरआनातल्या सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत देणंघेणं साक्षीदार ठेवून लिहायला सांगितलंय.

मग भांडवल. भिशी चालते, फक्त बोली लावून कमी पैशात उचलायची नको. जावेने २० हजार घातले आणि शेळ्या तुम्ही सांभाळल्या तर तो मुदारबा, म्हणजे एकीचे पैसे, दुसरीची मेहनत आणि नफ्यात वाटा. इथेच बहुतेकींचं चुकतं, "दर महिन्याला हजार दे" असं ठरवलं की ते व्याजच झालं. पेंड, चारा, डॉक्टर वजा करून जो नफा उरेल त्याचा हिस्सा ठरवा, ६०-४० किंवा निम्मा-निम्मा. शेळ्या रोगाने मेल्या आणि तुमची हयगय नसेल तर पैशाचं नुकसान जावेचं, तुमची मेहनत फुकट गेली, हे तिला पैसे घ्यायच्या आधीच सांगा, नंतर घरात वाद होतात.

कोकणात मोहोर बघून आंब्याची बाग व्यापाऱ्याला देऊन टाकतात, ते टाळा, फळ धरलेलंच नसतं आणि जे नाही ते विकता येत नाही. आगाऊ पैसे हवेच असतील तर भातावर सलम करा, म्हणजे पैसे आधी घेऊन माल नंतर द्यायचा करार: किती किलो, कुठली जात, कुठल्या तारखेला, कुठे पोचवणार ते लिहायचं आणि पूर्ण पैसे त्याच बैठकीत घ्यायचे. "माझ्याच शेतातला" अशी अट नको, पीक गेलं तर बाजारातून आणून देता आलं पाहिजे.

कापणी झाली की उश्र, म्हणजे पिकावरची जकात, त्याला वर्ष थांबत नाहीत. पावसावरचं पीक असेल तर दहावा हिस्सा, पंपाचं पाणी विकत घेऊन दिलं असेल तर विसावा हिस्सा. कोकणात बहुतेक मुसलमान शाफई (शाफई आणि हनफी हे शरियतचे दोन पंथ), त्यांच्यात साफ तांदूळ साधारण साडेसहा क्विंटल झाल्यावरच लागू होतो आणि आंब्यावर नाही, हनफीत आंबा-भाजीवरही धरतात, म्हणून आपल्या आलिमांना (धर्माच्या जाणकारांना) विचारूनच काढा.

विकायला घेतलेल्या शेळ्यांची जकात वेगळी. हिजरी वर्षातली एक तारीख पक्की करा, बऱ्याचजणी रमजान धरतात, त्या दिवशीच्या बाजारभावाने शेळ्या आणि हातातली रोकड मोजा, ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीएवढं भरलं आणि वर्ष झालं असेल तर अडीच टक्के. दुभत्या घरच्या शेळीला त्यात धरू नका.