तूप, पत्रपेटी आणि ‘थई जशे’: जर्मनीला शिकायला जाताना या चुका टाळा

जुलै उजाडला की आमच्या दांडिया बाजारातल्या घरी पाहुणे सुरू होतात. एक मुलगा किंवा मुलगी, हातात कागदपत्रांचं फोल्डर, आणि सोबत आई. मी जर्मनीत माग्देबुर्गला दोन वर्षं राहून मास्टर्स करून आले, एवढंच माझं भांडवल. पण बडोद्यात तेवढं पुरतं. पोरगं गप्प बसलेलं असतं. आई विचारते, “अगं, तूप जाईल ना?”

नाही जाणार. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. तूप, पेढे, चक्का सगळं त्यात आलं. तपासणीत सापडलं तर तुमच्या डोळ्यांसमोर कचऱ्यात जातं. भाकरवडी न्या, हिंग न्या, गोडा मसाला न्या, मेतकूट न्या. चष्म्याची जास्तीची जोडी न्या, कारण तिथे चष्मा फार महाग पडतो. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर नेणार असाल तर आधी खोलीतली शेगडी कसली आहे ते विचारा, इंडक्शन असेल तर तो नुसता शोभेला राहील.

बॅगेवर आमची पाऊण तासाची चर्चा होते. पत्रपेटीबद्दल मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही.

दारावर नाव नाही म्हणजे माणूस नाही

मला खोली मिळाली ती तिघांच्या फ्लॅटमध्ये. खाली जिन्यापाशी पत्रपेट्यांची रांग होती. आमच्या पेटीवर आधीच्या दोघांची आडनावं, माझं नाही. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे पोस्टमन खालून हाक मारतो, घरी नसलो तर शेजारच्या काकू पत्र घेऊन ठेवतात. तिथे घर क्रमांकाबरोबर नावही बघतात. पेटीवर नाव नसेल तर पत्र आल्या पावली परत.

बँकेचं कार्ड मला हातात मिळालं होतं, पण त्याचा पिन वेगळ्या पत्राने येणार होता. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी मनात म्हणत होते, येईल. बडोद्यात राहून आम्हा मराठी माणसांच्या तोंडीसुद्धा ‘थई जशे’ बसलेलं आहे, होऊन जाईल. तिसऱ्या आठवड्यात खिशात अकरा युरो आणि काही सेंट उरले, तेव्हा फ्लॅटमधल्या मुलीला विचारलं. ती मला खाली घेऊन गेली आणि पेटीवर बोट ठेवलं. मी म्हटलं, आधी का नाही सांगितलंस? तिला प्रश्नच कळला नाही. “तू विचारलं नाहीस,” म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता की खोच नव्हती. माझं आडनाव एका चिठ्ठीवर लिहून आम्ही सेलोटेपने चिकटवलं. चार दिवसांत पेटी भरायला लागली.

तेव्हा खोलीची चावी हातात आली की त्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर नाव लावा. पत्रं आधीच परत गेली असतील तर नाव लावून मग बँकेला आणि विमा कंपनीला पुन्हा पाठवायला सांगा. कर-क्रमांकाचं पत्रही पुन्हा मागवता येतं. पिवळ्या पाकिटातलं सरकारी पत्र मात्र कधीच न फोडता पडून राहू देऊ नका. ते पेटीत पडल्याची तारीख पाकिटावर लिहिलेली असते आणि मुदत त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही फोडलं त्या दिवसापासून नाही.

याचाच सख्खा भाऊ म्हणजे पत्त्याची नोंदणी, ‘आनमेल्डुंग’. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला वेगळा कागद लागतो. भाडेकरार चालत नाही. मोठ्या शहरात भेटीची वेळ महिनाभर मिळत नाही, म्हणून वेळ आधीच बुक करा आणि बुक केल्याचा ईमेल जपून ठेवा.

पैसे आहेत, पण हातात नाहीत

ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते. त्यात सध्या वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात. म्हणजे महिन्याला ९९२ युरो मिळतात. घरच्यांना वाटतं, पोरगं उतरलं की पैसे सुरू. प्रत्यक्षात तिथलं चालू खातं उघडून ते जोडेपर्यंत काही आठवडे जातात. नेमक्या याच दिवसांत खोलीचं डिपॉझिट भरायचं असतं. ते कायद्याने तीन महिन्यांच्या ‘थंड’ भाड्यापर्यंत घेता येतं. थंड म्हणजे हीटिंग आणि पाण्याविना. जाहिरातीतला आकडा थंड आहे की गरम हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. पहिल्या दीड महिन्याचा खर्च वेगळा न्या.

आणि खोली न बघता पैसे पाठवू नका. “मी सध्या दुसऱ्या देशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी पोस्टाने येईल” असं लिहिणारा घरमालक घरमालक नसतोच. बडोद्यात बसून खोली नक्की करायची असेल तर विद्यार्थी वसतिगृह बघा. त्याची प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून प्रवेश नक्की होताच अर्ज टाका.

आडनाव विचारणारे रूममेट

हे लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितेच. भारतीय विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खोलीच्या जाहिराती येतात. ‘फक्त व्हेज’ इथवर समजू शकते. पण पुढे फोनवर गाव विचारतात, मग आडनाव, मग “म्हणजे तुम्ही कोण?” आपल्या गावाने तरी हे करू नये. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. १९१७ मध्ये संस्थानाच्या नोकरीसाठी ते परत आले, तेव्हा याच बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं आणि तिथूनही हुसकावलं गेलं. कमाटी बागेत बसून त्यांनी त्या दिवशी अश्रू ढाळले, ती जागा आज संकल्प भूमी म्हणून ओळखतात. शिकायला निघालेल्या प्रत्येक बडोदेकराने जाण्याआधी तिथे एकदा जाऊन यावं असं मला वाटतं.

नुसत्या आपल्याच लोकांत राहण्याचा साधा तोटाही आहे. दोन वर्षं होतात आणि जर्मन ‘ब्रोट’ (पाव) आणि ‘डांके’ (धन्यवाद) यांच्या पुढे सरकत नाही. नवरात्रात गरबा खेळायला सगळे मिळून जरूर जा. पण राहायला निदान एक तरी माणूस असा ठेवा ज्याच्याशी गुजराती, हिंदी, मराठी यांपैकी काहीच बोलता येत नाही.

मान डोलावणं

पहिल्याच महिन्यात प्राध्यापकांनी विचारलं, गुरुवारपर्यंत जमेल का? मी आपली नेहमीची मान डोलावली, डावीकडे-उजवीकडे, आपल्या भाषेतलं ‘हो हो’. त्यांनी ते ‘नाही’ समजून काम दुसऱ्याला दिलं. मान डोलावू नका. तोंडाने हो म्हणा किंवा नाही म्हणा. समजलं नसेल तर तिथेच सांगा. शिकवताना सरांना मध्येच थांबवणं आपल्याकडे उद्धटपणा, तिथे गप्प बसणाऱ्याला काही प्रश्न नाही असंच धरून चालतात.

सर्वांत महागात पडणारी चूक वेगळीच आहे. कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेलाही घातलं असं नसतं. बहुतेक विद्यापीठांत परीक्षेची नोंदणी पोर्टलवर वेगळी करावी लागते आणि तिची खिडकी थोड्याच दिवसांसाठी उघडते. माझ्या वर्गातला एक मुलगा पूर्ण सेमिस्टर एकही तास न बुडवता बसला आणि परीक्षेच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. नोंदणी करून आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून दाखला घ्या, घरी पडून राहिलात तर ती परीक्षा नापास धरली जाऊ शकते. बऱ्याच ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदा गेला की प्रवेश रद्द होतो, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे करणंही कठीण होऊन बसतं. म्हणून दुसऱ्यांदा नापास झाल्यावर घरी लपवण्यात शक्ती घालवू नका, विभागातल्या अभ्यास-सल्लागाराची वेळ घ्या. ते काम करण्यासाठीच तो माणूस तिथे बसलेला असतो.

गुणांचं थोडक्यात सांगते: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. माझ्या बाबांनी पहिला निकाल ऐकून “फक्त एक पूर्णांक सात?” असं विचारलं होतं. वेळापत्रकात तासापुढे ‘सी.टी.’ लिहिलं असेल तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो, ‘एस.टी.’ असेल तर अगदी ठोक्याला.

नोकरीचं: वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातलं सहायकाचं काम यात मोजत नाहीत, म्हणून आधी तेच शोधा. रेस्टॉरंटमध्ये ‘रोख देतो, कागद नको’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. पकडलं गेलं तर व्हिसा तुमचा जातो, त्याचा नाही.

रविवार

रविवारी दुकानं बंद. खंडेराव मार्केटच्या सवयीचा माणूस पहिल्या रविवारी उपाशी राहतो किंवा रेल्वे स्टेशनवरच्या दुकानातून दुप्पट भावाने दूध आणतो. शनिवारी सामान भरून ठेवा. रविवारी व्हॅक्यूम क्लीनर, ड्रिल, मोठ्याने गाणी, काहीही नको. शेजारी तुमच्याशी भांडणार नाही, सरळ घरमालकाला पत्र लिहील. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या फेकू नका, परत दिल्या की बाटलीमागे २५ सेंट मिळतात.

पोह्यांच्या फोडणीने आमच्या मजल्यावरचा धुराचा अलार्म वाजवणारी मीच. मोहरी तडतडली, हिंग पडलं, मिरच्या गेल्या आणि दोन मिनिटांत सतरा जण चपलांवर अंगणात. तापमान उणे चार. तेव्हापासून आधी खिडकी उघडायची, मग तेल तापवायचं. खिडकी तशीही रोज दोनदा सताड उघडावी लागते. थंडीला घाबरून बंद ठेवलीत तर भिंतीला बुरशी धरते आणि डिपॉझिटमधून पैसे कापले जातात.

घरी ‘सगळं मस्त’ सांगणं

डिसेंबरमध्ये दुपारी चारला अंधार पडतो. सकाळी आठलाही उजेड नीट नसतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे जातं आणि घरचं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर येतं. तुम्ही लायब्ररीतून परतता तेव्हा घरी सगळे झोपलेले. उत्तरायणला इथे पतंग कापला की गच्चीवरून ‘काप्यो छे’ची आरोळी उठते, तिकडे तुम्ही राखाडी आकाशाखाली ट्रामची वाट बघत उभे. रडू येतं. मला आलं. आणि आईने फोनवर विचारलं, तर मी म्हटलं, सगळं मस्त.

पंधरा दिवस मी दुपारी दोनपर्यंत अंथरुणातच होते. त्याला मी थंडी म्हणत होते. विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी ‘श्टुडीरेंडेनवेर्क’ नावाची संस्था प्रत्येक विद्यापीठगावात असते. तिच्याकडे समुपदेशक असतात, बहुतेक ठिकाणी मोफत, आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतूनही बोलतात. वेळ मिळायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, म्हणून अगदी तळाला जायची वाट बघू नका. रात्री-अपरात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. हे दोन नंबर बडोद्यातून निघण्याआधीच फोनमध्ये टाका.

आणि आयांना एक विनंती. “जेवलास का?” याचं उत्तर पोरं खोटं देतात. त्यापेक्षा व्हिडिओ कॉलवर फ्रिज उघडून दाखवायला सांगा.