वॉशिंग मशीन नेमके कुठे अडते आहे, ते आधी पाहा

वॉशिंग मशीन चालेनासे झाले की पहिली शंका येते ती मोटरवर किंवा सर्किट बोर्डावर. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा याहून साधा असतो आणि तो पाण्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सापडतो. मशीनचे काम ठरलेल्या क्रमाने चालते: दाराला कुलूप लागते, पाणी भरते, ड्रम फिरून कपडे धुतले जातात, मळके पाणी बाहेर पडते, कपडे विसळले जातात आणि शेवटी वेगाने फिरवून पिळले जातात. यांपैकी कोणत्या टप्प्यावर गाडी अडते हे कळल्याशिवाय एकही स्क्रू सैल करू नये. त्यासाठी कपडे न घालता सर्वांत छोटा प्रोग्रॅम लावावा, मशीनजवळ उभे राहावे आणि कोणता आवाज येतो व कोणता येत नाही, याकडे लक्ष द्यावे.

पुढचे कोणतेही काम करताना प्लग सॉकेटमधून काढलेला आणि नळ बंद असला पाहिजे. नुसते मशीनचे बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण बटण बंद असतानाही आतल्या काही भागांपर्यंत वीज पोहोचलेली असू शकते.

मशीन मुळीच सुरू होत नसेल, तर त्याच सॉकेटवर दुसरे एखादे उपकरण लावून वीज येते का, ते पाहावे. वीज येत असेल, तर चाइल्ड लॉक किंवा उशिराने सुरू होण्याची वेळ चुकून लागली आहे का आणि दाराच्या फटीत कपड्याचे टोक अडकले आहे का, हे तपासावे. दार पूर्ण बंद झाल्याची खूण मिळाल्याशिवाय मशीन पुढे जात नाही. काम संपल्यावरही कुलूप सुटायला एक ते तीन मिनिटे लागू शकतात, म्हणून दार ओढून उघडण्याचा प्रयत्न करू नये.

पाणी अगदी हळू भरत असेल किंवा भरतच नसेल, तर नळ पूर्ण उघडा आहे आणि पाइप कुठे दुमडलेला नाही याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर नळ बंद करून मशीनच्या मागच्या बाजूचा इनलेट पाइप काढावा. पाइप जिथे बसतो त्या तोंडात बोटाच्या पेराएवढी एक बारीक जाळी असते. ती पकडीने हलकेच सरळ बाहेर ओढता येते. वाळू, गंज आणि क्षारांचा थर बसून ती इतकी बुजलेली असते की प्रकाशासमोर धरल्यावर पलीकडचे काहीच दिसत नाही. जुन्या टूथब्रशने वाहत्या पाण्याखाली घासून ती परत बसवावी, पाइपमधला रबरी वॉशर जागेवर आहे हे पाहावे आणि नळ उघडल्यावर जोडावरून थेंब गळत नाही ना, तेही पाहावे. जाळी फेकून देऊन मशीन वापरण्याचा मोह टाळावा, कारण मग तोच कचरा आतल्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.

याच्या उलट एक तक्रार असते, ती म्हणजे पाणी सतत भरत राहते, पण ड्रममध्ये साठत नाही. अशा वेळी ड्रेन पाइपचे टोक फार खाली तर ठेवलेले नाही ना, ते पाहावे. ते टोक आतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल, तर पंप बंद असतानाही पाणी आपोआप वाहून जाते. पाइप किती उंचीवर अडकवायचा हे मशीनच्या पुस्तिकेत दिलेले असते. पुष्कळ फ्रंट लोड मशीनसाठी ही उंची जमिनीपासून साधारण 60 ते 100 सेंटिमीटर असते.

माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित भाग म्हणजे ड्रेन पंपाचा फिल्टर. पाणी बाहेर जात नसेल, कपडे ओलेचिंब निघत असतील किंवा पिळण्याच्या टप्प्याला मशीन थबकत असेल, तर पहिला हात इथेच घालावा. बहुतेक फ्रंट लोड मशीनमध्ये तो समोर खालच्या कोपऱ्यात, छोट्या झाकणामागे असतो. आतले पाणी गरम असेल तर ते आधी निवू द्यावे. खाली पसरट भांडे आणि जुने फडके ठेवून फिल्टर अर्धाच फेरा सैल करावा, पाणी येऊ द्यावे, भांडे भरले की पुन्हा आवळावा. एकदम उघडला तर ड्रममधले सगळे पाणी जमिनीवर येते. पाणी संपल्यावर फिल्टर बाहेर काढला की केसांचा गुंता, नाणे, केसांची पिन, बटण, कधी एखादा लहान मोजा हाताला लागतो. तेवढ्यावर थांबू नये. टॉर्चच्या उजेडात रिकाम्या जागेत पाहिल्यास आत पंपाचे छोटे पाते दिसते. ते बोटाने किंवा लाकडी काडीने हळूच ढकलून फिरते का, हे पाहावे. ते थोडे अडखळत, झटक्याने फिरणे स्वाभाविक आहे. मात्र मुळीच हलत नसेल, तर पात्याभोवती दोरा किंवा पिन अडकलेली असण्याची शक्यता असते.

फिल्टर स्वच्छ असूनही कपडे पिळले जात नसतील, तर कपड्यांची विभागणी पाहावी. एकच जड चादर किंवा टॉवेल ड्रमच्या एका बाजूला गोळा झाला की मशीन तोल सांभाळण्यासाठी वेग वाढवतच नाही, आणि हा बिघाड नसून सावधगिरी असते. डिटर्जंट जास्त पडल्यास होणारा फेसही पंपाला नीट बाहेर टाकता येत नाही. तेव्हा डिटर्जंट न घालता एक-दोनदा विसळण्याचा प्रोग्रॅम चालवावा.

मशीन थरथरत जागेवरून सरकत असेल, तर चारही पाय जमिनीला सारखे टेकवून त्यांचे नट आवळावेत. नव्या फ्रंट लोड मशीनच्या मागे वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट काढायचे राहिले असतील, तर हादरे भयंकर बसतात आणि आतले भाग खराब होतात. घरघर येत असेल, तर रिकामा ड्रम हाताने फिरवावा आणि वरच्या काठाला धरून उचलून पाहावे. ड्रम बाहेरच्या टाकीसकट हलला तर काळजी नको, पण टाकी स्थिर राहून एकटा ड्रमच खालीवर होत असेल, तर बेअरिंग झिजले आहे असे समजावे.

मशीनला हात लावताच मुंग्या येत असतील, जळका वास येत असेल किंवा एमसीबी (दोष आल्यास वीज आपोआप तोडणारा घरातला स्विच) पुन्हा पुन्हा पडत असेल, तर तपासणी तिथेच थांबवून मशीन वापरणे बंद करावे. बेअरिंग, हीटर, मोटर आणि बोर्ड ही मेकॅनिकचीच कामे आहेत; प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहू शकतो. मेकॅनिकला बोलावताना मशीनचे मॉडेल, डिस्प्लेवर उमटलेला एरर कोड, मशीन कोणत्या टप्प्यावर थांबते आणि आपण काय काय तपासून पाहिले, हे सगळे सांगावे, म्हणजे लागणारा भाग त्याला पहिल्याच फेरीत सोबत आणता येतो.