रोप टपालात टाकण्याआधी

सुरुवात नावापासून करा, खोक्यापासून नको. ‘मनी प्लांट’ असं लिहून भागत नाही, कारण त्या एका नावाखाली एकमेकींशी काही नातं नसलेल्या दोन-तीन वनस्पती विकल्या जातात, आणि क्वारंटाइनच्या, म्हणजे कीड-रोग पसरू नये म्हणून वनस्पतींच्या ने-आणीवर घातलेल्या निर्बंधांच्या, याद्या वंश आणि प्रजातीनुसार लावलेल्या असतात. शास्त्रीय नाव शोधून ठेवा आणि त्याचं जुनं नावही शेजारी लिहा. कढीपत्ता काही याद्यांत ‘मर्राया कोएनिगी’ म्हणून सापडतो, काहींत ‘बर्गेरा कोएनिगी’ म्हणून. एकच नाव शोधून ‘यादीत नाही’ असं ठरवणारे इथेच फसतात. कढीपत्त्याचं उदाहरण मुद्दाम दिलं, कारण तो निरुपद्रवी वाटतो. पण तो लिंबाच्या कुळातला आहे. सिट्रस ग्रीनिंग हा लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरवणारी सायला कीड त्याच्या कोवळ्या फुटीवर अंडी घालते. म्हणून या रोगासाठी क्वारंटाइन लावलेल्या भागातून त्याचं रोपच काय, ताज्या पानांची जुडी बाहेर पाठवायलाही मनाई किंवा अटी असू शकतात.

नाव पक्कं झालं की दोन्ही टोकांचा कायदा पाहा. निघण्याच्या ठिकाणी एखाद्या किडीसाठी क्वारंटाइन आहे का, आणि पोचण्याच्या ठिकाणी ही वनस्पती बंदीत आहे, अटींवर चालते की मोकळी आहे? पार्सल देशातल्या देशात जाणार म्हणून सुटका नाही. क्वारंटाइनची हद्द राज्य, जिल्हा किंवा त्याहून लहान भागाचीही असते आणि टपाल ती नकळत ओलांडतं. बियांना, छाट्यांना, कंदांना आणि डोळे भरायच्या काड्यांनाही हेच लागू.

आता कागद, आणि इथे क्रम चुकला की सगळं चुकतं. ज्या देशाला आयात परवाना लागतो तिथे तो आधी काढायचा, आणि तो सहसा घेणाऱ्याने काढायचा असतो. त्या परवान्याची प्रत हातात आल्यावरच पाठवणाऱ्याने फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रासाठी (रोप तपासलं असून ते कीड-रोगांच्या अटी पाळतं असा सरकारी दाखला), म्हणजे बोलीभाषेतल्या ‘फायटो’साठी, अर्ज करावा. कारण फायटोवर जी ‘अतिरिक्त घोषणा’ लिहायची असते तिची वाक्यं परवान्यातूनच येतात, आणि ती शब्दशः उतरवावी लागतात. ‘रोप अमुक किडीपासून मुक्त आहे’ आणि ‘रोप अमुक किडीपासून मुक्त असलेल्या भागात वाढवलं आहे’ या दोन वेगळ्या घोषणा आहेत. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. वाढीच्या हंगामात तपासणी झाल्याचं कलम असेल तर पानगळीत अर्ज करून काहीच साधत नाही. ते काम काही महिने आधीचं.

फायटो फक्त सरकारची वनस्पती संरक्षण यंत्रणा देऊ शकते. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारात, आणि १९९७ च्या सुधारित मसुद्यातही, त्याचा नमुना ठरवून दिलेला आहे. नर्सरीचं बिल किंवा ‘रोगमुक्त’ असा शिक्का तिथे रद्दी ठरतो. मुदतही पाहा: युरोपीय संघात रोप मूळ देशातून निघण्याच्या आधीच्या १४ दिवसांत दिलेलं फायटोच ग्राह्य धरतात. सवलती वाचताना घाई नको. अमेरिकेत विशेष निर्बंध नसलेली १२ पर्यंत रोपं परवान्याविना जाऊ शकतात, फायटोविना नाही. बियांच्या ‘लहान लॉट’ला मात्र तिथे फायटोऐवजी परवान्यावर सोडतात, पण पाकिटात एकाच जातीच्या जास्तीत जास्त ५० बिया किंवा १० ग्रॅम आणि एका खेपेत ५० पाकिटं, ही मर्यादा आहे. ऑर्किड आणि बहुतेक निवडुंगांना शिवाय साइट्सचे, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, कागद लागतात, त्यांची निर्यात परवानगी सहा महिनेच टिकते, आणि फायटो त्यांची जागा घेत नाही.

तपासणीला नेण्याआधी रोप धुवायचं. माती हा सर्वांत मोठा अडसर. बहुतेक देश ती घेतच नाहीत, चिमूटभरही नाही. बटाट्याच्या सूत्रकृमीची पुटी टाचणीच्या टोकाएवढी असते आणि तिच्यातली अंडी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. त्यामुळे निरीक्षक मुळांच्या बेचक्यात बघतो. रोप कुंडीतून काढून गोळा बादलीत अर्धा तास भिजू द्या, मऊ ब्रशने मुळं मोकळी करा, मग पाणी बदलून तीनदा खळबळा. शेवटचं पाणी पांढऱ्या भांड्यात घेऊन तळाशी गाळ बसतो का पाहा. बसला तर पुन्हा धुवा. मग दहापट भिंगातून पानांच्या बगला (पिठ्या ढेकूण तिथेच दडतो), पानामागची शीर (खवले कीड) आणि शेंड्याची कोवळी फूट तपासा. आदल्या रात्री कीटकनाशक मारून निघू नका. मेलेली खवले कीडही पानाला चिकटून राहते आणि निरीक्षकाला ती जिवंत की मेलेली हे सांगता येत नाही. मग शंकेचा फायदा रोपाला मिळत नाही. उपाय करायचा तो दोन-तीन आठवडे आधी, आणि मेलेले खवले हाताने पुसून काढायचे.

पॅकिंगसाठी मुळांभोवती न वापरलेलं ओलसर स्फॅग्नम शेवाळ किंवा व्हर्मिक्युलाइट. पोचण्याच्या देशाला तो पदार्थ चालतो याची खात्री आधी करा. शेवाळ मुठीत दाबलं तर थेंब गळू नये. त्याभोवती पिशवी फक्त मुळांपुरती बांधा, पानांवर नको, नाहीतर चार दिवसांत बुरशी धरते. पेंढा, गवत, वापरलेली पोती वर्ज्य. लाकडी फळी वापरणार असाल तर ती ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं गाभ्यापर्यंत तापवलेली आणि तसा शिक्का असलेली हवी. ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड आणि प्लायवूड यातून सुटतं. साधं पुठ्ठ्याचं खोकं घेतलं की हा सगळाच प्रश्न मिटतो. प्रत्येक रोपावर शास्त्रीय नावाची चिठ्ठी लावा, आणि नग मोजताना फायटो समोर ठेवा. कागदावर १० आणि खोक्यात ११ निघाले तर अकरावं बाजूला काढून बाकीची सोडतील असं धरून चालू नका.

मूळ फायटो बाहेरच्या पारदर्शक पाकिटात, प्रत आत. खोक्यावर ‘जिवंत रोपं’ ठळक अक्षरांत लिहा. कस्टमच्या सीएन २२ किंवा सीएन २३ फॉर्मवर ‘भेटवस्तू’ एवढंच लिहिणं ही चूक फार जण करतात. भेट असली तरी आत काय आहे ते शास्त्रीय नावासकट लिहावंच लागतं. लपवलेलं रोप एक्स-रेमध्ये किंवा वास घेणाऱ्या कुत्र्याला सापडलं तर मग तो कागदपत्रातला दोष न राहता खोटं घोषणापत्र ठरतो. परवान्यासोबत तपासणी केंद्राच्या पत्त्याचं लेबल आलं असेल तर खोक्यावर तोच पत्ता जातो आणि घेणाऱ्याचं नाव-पत्ता आत. लेबल बाजूला ठेवून थेट घरचा पत्ता लिहिणं हेही खेप अडकण्याचं नेहमीचं कारण.

टपालात आठवड्याच्या सुरुवातीला टाका, म्हणजे खोकं सुट्टीत गोदामात पडून राहत नाही. घेणाऱ्याकडे ट्रॅकिंग क्रमांक आणि सगळ्या कागदांचे फोटो असू द्या. खेप अडवली तर प्रक्रिया करा, परत पाठवा किंवा नष्ट करा असं विचारणारी नोटीस बहुधा त्यालाच येते, आणि तिच्यावर उत्तराची मुदत छापलेली असते. प्रक्रिया म्हणजे धुरी असेल तर पातळ पानांची रोपं तीत करपू शकतात, त्यामुळे कोणती प्रक्रिया ते विचारून मगच होकार द्यावा.