हरवलेली कुडी पाणबुडीसारखी शोधा

इंदूरला आमच्या लोकमान्यनगरच्या बागेत हिची मोत्याची कुडी पडली. फिरकी सैल होती, मी आधीच सांगितलं होतं, असो. ही तासभर बाकाभोवतीच घिरट्या घालत होती. मी जन्मभर गणित शिकवलेला माणूस. म्हटलं, आधी कागद आण.

कागदावर शक्यता वाटा. आम्ही बाकाजवळ ६० टक्के, पायवाटेच्या कडेला ३० आणि 'बागेत नाहीच' याला १० दिले. हा शेवटचा रकाना हटकून ठेवा.

मग नजरेचा पट्टा मोजा. दुसऱ्या कानातली कुडी दोऱ्याला बांधून गवतात ठेवली (तीही हरवली असती तर माझं काही खरं नव्हतं) आणि शेजारून चालून पाहिलं. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर नीट दिसतं, म्हणजे पट्टा एक मीटरचा. दुसऱ्या महायुद्धात बर्नार्ड कूपमन या अमेरिकन गणितज्ञाने जर्मन पाणबुड्या शोधण्यासाठी हाच हिशेब मांडला: पट्ट्याची रुंदी गुणिले कापलेलं अंतर, भागिले क्षेत्रफळ. उत्तर १ आलं आणि तुम्ही वाटेल तसे भटकलात, तर सापडण्याची शक्यता ६३ टक्के. दुप्पट भटकलात तरी ८६च. तेवढंच अंतर सरळ, समांतर पट्ट्यांत चाला, जास्त पदरात पडतं.

बाकाजवळची ६० चौरस मीटर जागा आम्ही पट्टे पाडून ६० मीटर चाललो. कुडी तिथे असती तर दिसण्याची शक्यता ८० टक्के धरली. दिसली नाही. इथेच लोक चुकतात, पुन्हा तिथेच वाकतात. न सापडणं हीसुद्धा माहिती आहे. तिथे असूनही नजरेतून सुटण्याची शक्यता २० टक्के, म्हणून बाकाच्या ६०चे २० टक्के, म्हणजे १२ उरले. १२, ३० आणि १० मिळून ५२. त्यात बाक २३ टक्के, पायवाट ५८, 'नाहीच' १९. चला पायवाटेकडे! १९६८ साली अटलांटिकच्या तळाशी गेलेली 'स्कॉर्पियन' पाणबुडी शोधतानाही शक्यतांचा असाच नकाशा मांडला होता.

तोवर अंधारून आलं. मोबाइलचा दिवा जमिनीलगत आडवा धरा. तिरप्या उजेडात मोती चमकतो, पट्टा रुंदावतो. तिसऱ्या फेरीत मेंदीच्या कुंपणाखाली कुडी दिसली. फिरकी नव्हती. मी पुन्हा कागद काढला, तर ही म्हणाली, "अहो, फिरकी सराफ्यात मिळते. चला, भुट्ट्याचा कीसही खाऊन येऊ."