सांगलीच्या हवेत सिगार किती मुरवायचा

सिगार किती महिने मुरवायचा, म्हणजे चव मऊ होईपर्यंत किती काळ ठेवायचा, असं कुणी विचारलं की मी आधी त्याचा डबा बघतो, महिन्यांचं नंतर. विलायती पुस्तकांतले आकडे वर्षभर थंड राहणाऱ्या घरांसाठीचे असतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ४० ला टेकतो आणि हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. पुढे जुलैत कपाटातल्या चामडी पट्ट्यावर बुरशी चढते. अशा हवेत उघड्यावर राहिलेला सिगार वाळतो, मग फुगतो, परत वाळतो आणि शेवटी त्याचं रॅपर, म्हणजे सगळ्यात वरचं तंबाखूचं पान, उकलतं.

मी मार्केट यार्डात हळदीची अडत चालवतो. हरिपूरची पेवं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ह्युमिडॉर, म्हणजे सिगार मुरवायचा डबा, वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जमिनीखाली अरुंद तोंडाचा, पोटात रुंद खड्डा, आतून पाल्याचं अस्तर, वरून तोंड बंद. बाहेर वैशाख असो की श्रावण, आतली हवा हलत नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं कायमची निकामी झाली. सिगारच्या डब्याचं कामही एवढंच आहे: आतलं तापमान १८ ते २१ अंश, आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास, आणि दोन्हीही स्थिर.

लाकडी डबा घेणार असाल तर आतल्या लाकडाची चौकशी करा. परदेशी ह्युमिडॉरला स्पॅनिश सीडरचं अस्तर असतं. नावात सीडर असला तरी तो महोगनीच्या कुळातला आहे. आपल्याकडे त्याचा जवळचा नातलग म्हणजे तून. मिरजेत सतारीसाठी वापरतात तेच तून. एके काळी सिगारच्या पेट्यांनाही हे लाकूड वापरत. हलकं असतं, त्याला ओल झेपते आणि वासही सौम्य. ओळखीच्या सुताराकडून पातळ फळ्या करून घ्या, पण पॉलिश किंवा व्हार्निश आतून अजिबात लावू देऊ नका. देवदार मात्र नको. त्याच्या तेलाचा उग्र वास तंबाखूत उतरतो आणि मग निघत नाही.

नव्या डब्यात लगेच सिगार ठेवायचे नाहीत, कारण कोरडं लाकूड त्यांची ओल ओढून घेतं. डिस्टिल्ड वॉटरची वाटी किंवा ८४ टक्के आर्द्रता राखणारी तयार पुडी आत ठेवून डबा दोन आठवडे बंद ठेवा. त्याच काळात हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजणारा काटा, तपासून घ्या. बाटलीच्या टोपणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतपत करा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. ते टोपण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी काट्यानं ७५ दाखवायला हवेत. ७१ दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी चार मिळवून वाचायचं. ही परीक्षा मी दर पावसाळ्याआधी घेतो, कारण चुकीचा काटा विश्वासानं वाचत बसण्यासारखं नुकसान दुसरं नाही.

रोजच्या आर्द्रतेला बोवेडा कंपनीच्या अशाच पुड्या चांगल्या, प्रत्येकीवर तिची टक्केवारी छापलेली असते. त्या ओल देतात आणि जास्तीची शोषूनही घेतात. २५ सिगारच्या डब्याला ६० ग्रॅमची एक पुडी. सांगलीसाठी ६९ किंवा ७२ ची घेऊ नका. गरम हवेत तेवढ्याच टक्क्यांमध्ये पाण्याचा अंश जास्त असतो, त्यामुळे खोली २७-२८ अंशांवर असेल तर ६२ ची पुडीच बरी. लाकडी डब्याचा खर्च नको असेल तर जेवणाचा हवाबंद प्लास्टिक डबा धुऊन, वास जाईपर्यंत उन्हात ठेवून, आत तूनची फळी टाकली तरी काम उत्तम होतं. पावसाळ्यात तर असा डबा लाकडी पेटीपेक्षा घट्ट बसतो.

आता तापमान, कारण आपल्याकडची खरी लढाई तिथे आहे. हळदीच्या धंद्यातल्या माणसाला तो भुंगा सांगावा लागत नाही: तांबूस-तपकिरी, तीळभर, हळकुंडाला सुईनं टोचल्यासारखी भोकं पाडणारा. हळकुंड टेबलावर आपटलं की पिवळी भुकटी गळते. तंबाखूला लागतो तो हाच भुंगा. त्याची अंडी पानातून डब्यात येतात आणि डबा २४-२५ अंशांच्या वर राहिला की फुटायला लागतात. रॅपरवर एक गोल भोक आणि खाली तपकिरी भुकटी दिसली तर तो सिगार बाहेर काढा आणि बाकीचे सगळे फ्रीजरमध्ये घाला. दोन झिप पिशव्यांत बंद करून आधी एक दिवस साध्या फ्रीजमध्ये, मग तीन दिवस फ्रीजरमध्ये, परत एक दिवस फ्रीजमध्ये आणि मग खोलीत. हे टप्पे गाळले तर रॅपर तडकतं. मी प्रत्येक नवी पेटी याच वाटेनं आत घेतो. आणि हळद, मिरची, मसाल्यांच्या पोत्यांजवळ डबा कधीही ठेवत नाही.

मार्च ते मे या काळात परवडत असेल तर १८ अंशांवर लावलेला छोटा वाइन कूलर घ्या. नसेल तर घरातली सगळ्यात आतली, उन्हाकडे भिंत नसलेली खोली, जमिनीलगतचा कोपरा, आणि डबा थर्माकोलच्या पेटीत. जुन्या जाड भिंतींच्या घरात यानं बराच फरक पडतो. नदीकाठच्या गावभागात राहत असाल तर पावसाळ्यात डबा माळ्यावर न्या. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. वीज गेली तरी पुड्या आपलं काम करत राहतात.

डबा असा स्थिरावला की महिन्यांचं गणित सुरू होतं. कुरिअरनं किंवा विमानानं आलेला कुठलाही सिगार तीन-चार आठवडे नुसता पडू द्या. निकाराग्वा, डॉमिनिकन, होंडुरासचे बरेच सिगार आधीच मुरलेल्या पानांचे वळलेले असतात, ते एवढ्यावर ओढण्याजोगे होतात. कनेक्टिकट नावाच्या फिकट पानाचं रॅपर असलेले सौम्य सिगार दोन वर्षांच्या पुढे ठेवू नयेत असं माझं ठाम मत आहे. त्यांची गोडी नाजूक असते आणि ती उडून जाते. जड, काळ्या रॅपरचे, मिरीसारखी चव जिभेवर रेंगाळणारे सिगार दोन ते पाच वर्षांत मऊ होतात. क्यूबन बहुतेकदा ताजे बाजारात येतात, म्हणून त्यांना सर्वांत जास्त धीर लागतो: निदान वर्षभर, भरदार असेल तर पाच वर्षं आणि त्याहून पुढेही. पेटीच्या तळाशी महिना-वर्षाचा शिक्का असतो. महिना स्पॅनिशमध्ये, तीन अक्षरांत असतो, उदाहरणार्थ ENE म्हणजे जानेवारी. दिवस मोजायला तिथूनच सुरुवात करा.

मुरला की नाही हे नाकाला कळतं. ताज्या सिगारचा पाय, म्हणजे पेटवायचं टोक, हुंगलं तर गोठ्यातल्या मुतारीसारखा अमोनियाचा भपकारा येतो. तो पूर्ण गेला आणि त्या जागी सुकं गवत, कोको, लाकूड असा वास आला की पहिला सिगार काढावा. मग सहा महिन्यांनी दुसरा. पाच एकसारखे सिगार घेतले तरच हा फरक कळतो. प्रत्येकाच्या सेलोफेनवर, म्हणजे पारदर्शक वेष्टनावर, तारखेची चिठ्ठी लावा. सेलोफेन काढायची गरज नाही, त्यातून हवा खेळते. काही वर्षांनी ते पिवळसर पडतं. पांढरी लव दिसली तर ती मुरल्याची खूण समजू नका, ती बहुधा बुरशी असते. रॅपरवर असेल तर पुसून वेगळा ठेवा, पायात शिरली असेल तर टाकून द्या.

सिगारचा धूर छातीत घ्यायचा नसतो, पण त्यानं तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही. मी महिन्याकाठी एखादाच ओढतो, आणि घरात लहान मुलं असतील तेव्हा तोही नाही.

डब्यातून काढलेला सिगार ओढण्याआधी दिवसभर बाहेर ठेवावा असा सल्ला परदेशात देतात. आपल्याकडे जुलैत बाहेरची हवा डब्यापेक्षा ओली असते, सिगार फुगून फाटतो. एप्रिलमध्ये तासाभरात रॅपर कडक होतं. दोन्ही ऋतूंत डबा उघडला की लगेच कापून पेटवा, आणि झाकण त्याच क्षणी बंद करा.